सुकलं की बघू

आमच्या शेजारच्या डॉक्टर थळकरांची होडी दर हिवाळ्यात बुडायची. होडी खरी नव्हे, चित्रातली. थंडी पडून घरोघरी हीटिंग सुरू झालं, की ती लाटेच्या माथ्यावरून हळूहळू घसरायला लागायची. नाताळाच्या सुमाराला तिचं नाक पाण्यात जायचं आणि पुढे तर फ्रेमच्या खालच्या कडेला एक काळपट गोळा तेवढा उरायचा. हीटिंग बंद करायचे दिवस आले की थळकर बाह्या सरसावून, लोणी लावायची सुरी घेऊन चित्रासमोर उभे राहायचे. होडीत दोन माणसं होती. ती आधी सुरीच्या टोकानं अलगद उचलून बशीत काढून ठेवायची, मग होडी वर सरकवायची, मग माणसं परत आत बसवायची, असा त्यांचा क्रम होता.

"आधी माणसं, वहिनी," ते मला सांगायचे. "होडीचं काय, ती दुसरी करता येते."

आम्ही लंडनजवळ स्लाऊला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझा नवरा अरविंद आणि थळकर एकाच हॉस्पिटलात. अरविंद भूल द्यायचा, थळकर एक्स-रे वाचायचे. मी कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर बसायचे. शेजारी थळकर राहतात हे ऐकून मला वाटलं, चला, अलिबागकडचं कुणीतरी भेटलं. ते अलिबागकडचेच होते. फक्त त्यांचं नाव सॉलोमन होतं.

"आम्ही शनवार तेली," पहिल्याच चहाला त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे कोकणातले ज्यू. फार पूर्वी त्यांच्या वाडवडिलांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं म्हणतात. जे वाचले ते तिथेच राहिले, मराठी बोलू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना हे नाव दिलं. थळकरांच्या आजोबांचाही घाणा होता, खोबऱ्याचा. ही माहिती त्यांनी इतक्या रुबाबात दिली की एखाद्याला वाटावं, आजोबा संस्थानिक होते.

त्यांच्या घरात ती होडी आली ती मात्र माझ्यामुळे. बागेतल्या गोगलगायींवर काही उपाय मिळतो का, हे बघायला ते लायब्ररीत आले होते. शेजारच्या कपाटात अमेरिकन चित्रकारांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी सहज ते त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या कामाला लागले. थोड्या वेळानं पाहते तर हे एकाच पानावर खिळलेले.

चित्र असेल हाताच्या पंजाएवढं. रात्रीचा समुद्र. फाटक्या ढगांमागे पिवळट चंद्र, त्याच्याखाली काळ्या शिडाची एक होडी आणि तिच्यात दोन माणसं, एक सुकाणूशी, एक त्याला बिलगून बसलेलं. माणसं म्हणजे नुसते दोन ठिपके. बाकी सगळा अंधार. पण तो अंधार हलत असल्यासारखा वाटायचा. मला चित्रातलं फारसं कळत नाही, तरीही ते पान पाहिल्यावर कुणाला तरी पत्र लिहायचं राहून गेलंय असं वाटून गेलं.

"हा माणूस एक्स-रे काढतोय," थळकर म्हणाले. "आधी काळोख वाचायचा, वहिनी. उजेड काय, कुणीही वाचतो."

गोगलगायी राहिल्या बाजूला. त्या चित्रकाराचं नाव ते कधी घेत नसत. 'आपला अमेरिकन' म्हणायचे. आपला अमेरिकन एकोणिसाव्या शतकातला, एकटा राहणारा, खोलीभर पसारा, एकेक चित्र वर्षानुवर्षं गिरवत बसणारा. पहिला रंग वाळायच्या आत त्यावर दुसरा फासायचा, म्हणून त्याची चित्रं पुढे तडकली आणि काळी पडली, असं पुस्तकात लिहिलं होतं. थळकरांना हा दोष वाटलाच नाही. "घाई नाही त्याला," ते कौतुकानं म्हणायचे.

मग त्यांनी स्वतःच तो समुद्र रंगवायला घेतला. मोठा कॅनव्हास आणला, रंगाच्या ट्यूबा आणल्या. दुकानदारानं रंगात मिसळायला जवसाच्या तेलाची बाटली दिली, ती मात्र ह्यांनी आमच्या अरविंदला देऊन टाकली.

"क्रिकेटच्या बॅटला लाव," म्हणाले.

"अरे सॉलोमन, that's what everybody uses," अरविंद म्हणाला. "लिनसीडच वापरतात."

"घाणेवाल्याच्या नातवानं दुसऱ्याचं तेल वापरायचं?" आणि त्यांनी आपल्या देशी किराणावाल्याकडून खोबरेलाची बाटली आणली, तीच, जी मी माझ्या मुलीच्या वेणीला वापरायचे.

खोबरेलाचं तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत गोठतं, उबेत वितळतं, आणि सुकायचं नाव घेत नाही. तशात त्यांनी ते चित्र लावलं बरोबर रेडिएटरच्या वर. दुसरी भिंत सुचवली तर म्हणाले, "समुद्र आहे तो. गप्प कसा बसेल?"

एक मात्र खरं. त्यांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की खोबरेलाचा वास यायचा आणि मला उगाचच शाळेला उशीर झाल्यासारखं वाटायचं.

चित्र सुकत नसल्यानं थळकरांना एक वाक्य मात्र आयतं मिळालं होतं, 'सुकलं की बघू'. गटार तुंबलंय, प्लंबर बोलवायचा का? सुकलं की बघू. डिपार्टमेंटचं प्रमुखपद घेता का? सुकलं की बघू. थळकर एकटेच राहायचे, म्हणून पिनर गावच्या देशपांडेवहिनींनी मोठ्या खटपटीनं त्यांच्या समाजातली एक विधवा शाळामास्तरीण शोधून काढली. थळकर तिच्याबरोबर शांतपणे चहा प्यायले, तिला दारापर्यंत पोचवून आले आणि देशपांडेवहिनींना म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. सुकलं की बघू." देशपांडेवहिनींना संदर्भ ठाऊक नव्हता. त्यांनी पुढे वर्षभर थळकरांचं नाव टाकलं होतं.

समुद्राचं इतकं वेड असलेला हा माणूस खऱ्या समुद्राकडे मात्र पाठ करून बसायचा. एकदा आमच्या मंडळाची बस बोर्नमथला गेली. सगळे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. हे वाळूवर खुर्ची टाकून, गावाकडे तोंड करून, उकडलेली अंडी सोलत बसलेले.

"अहो, समुद्र मागे आहे तुमच्या," मी म्हटलं.

"ते पाणी आहे. समुद्र पश्चिमेला असतो."

"आणि चित्रातला?"

"तिथे चंद्र मावळतोय. म्हणजे पश्चिमच झाली."

मी एक अंडं घेतलं.

हे चित्र कुणासाठी आहे, ते मात्र त्यांनी कधी लपवलं नाही. ते होतं बायसाठी. बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण, मिल्का. आई गेली तेव्हा थळकर अगदी लहान होते आणि बाय लग्नाच्या वयाची. तिनं लग्न लांबवलं आणि ह्यांना वाढवलं. पुढे समाजातली घरंच्या घरं इस्रायलला निघाली, तेव्हा बायही नवऱ्याबरोबर गेली. हे त्याच सुमाराला शिकायला इंग्लंडला निघाले होते. 'दोन वर्षांत शिकून तुझ्याकडेच येतो,' असं तिला मुंबईच्या बंदरावर सांगून आले होते. त्याला आता वीसच्या वर वर्षं होऊन गेली होती.

"तिचं गाव वाळवंटात आहे, वहिनी," ते म्हणायचे. "सगळीकडे दगड. थळची बाई, जन्मभर दारात समुद्र. तिला तिथे समुद्र नाही. म्हणून म्हटलं, आपण एक करून न्यावा. सुकला की मी स्वतः नेऊन देणार."

स्लाऊवरून विमानं किती जातात, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही वर बघणं केव्हाच सोडून दिलं होतं. थळकर मात्र सुटीच्या दिवशी बागेत असले, की एका ठरावीक विमानाला हातातलं खुरपं खाली ठेवून उभे राहायचे. ते दिसेनासं झालं की म्हणायचे, "बायच्या देशातलं होतं." आणि पुन्हा गोगलगायी वेचायला लागायचे. एवढी ओढ आहे तर हा माणूस तिकीट का काढत नाही, असं मी अरविंदला अनेकदा विचारलं. अरविंद म्हणायचा, "चित्र सुकलं नाही ना त्याचं." आणि आम्ही दोघं हसायचो.

मग एका मार्च महिन्यात थळकर सकाळीच आमच्या दारात उभे. पायात स्लिपर, चेहरा पांढराफटक.

"बाय येतेय."

"अरे वा! कधी?"

"पुढच्या रविवारी. भाचा लंडनला कामाला येतोय, त्याच्याबरोबर. म्हणाली, तू येत नाहीस, मीच येते, गुडघे आहेत तोवर." ते आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. "वहिनी, चित्र सुकवायला हवं. परत जाताना तिच्या हातात द्यायचंय."

त्यानंतर आम्ही जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. थळकरांनी बुडालेली होडी घाईनं वर चढवली आणि मी माझा हेअर ड्रायर आणला. मिनिटभर गरम वारा लागताच चंद्र ओघळून होडीच्या शिडावर आला. मग अरविंदनं डोकं चालवलं. गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटात आम्ही टॉवेल वाळवतो. तिथे ठेवलं तर कपड्यांसारखं हेही वाळेल. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर माझ्या चार उशांच्या अभ्र्यांवर अटलांटिक महासागर पसरलेला. थळकरांनी तो सुरीनं गोळा करून परत कॅनव्हासवर चढवला. पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले.

शेवटी मीच म्हटलं, "गरम नको. गार करा. गॅरेजमध्ये ठेवा."

गॅरेजच्या थंडीत चित्र दगडासारखं झालं. थळकरांनी नखानं टकटक वाजवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "सुकलं!" खरं म्हणजे ते नुसतं गोठलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते सांगायची माझी छाती झाली नाही. रविवारी सकाळी त्यांनी चित्र हॉलमध्ये त्याच्या जागी लावलं आणि तिथले रेडिएटर बंद करून टाकले.

आम्ही दुपारी जेवायला गेलो तेव्हा बाय आधीच आलेली होती. ठेंगणी, डोक्याला रुमाल, अंगावर स्वेटर आणि त्यावर भावाचा ओव्हरकोट.

"ह्या वहिनी का? या. फोनवर ह्याचं निम्मं बोलणं तुमचंच असतं." मग भावाकडे वळून, "काय गार घर आहे रे तुझं, सोलू. माणूस राहतो की मासे ठेवलेस?"

"बॉयलर जरा गडबड करतोय, बाय."

हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर ज्यांना टरकायचे ते डॉक्टर थळकर 'सोलू' झाल्याबरोबर गल्लीतल्या पोरासारखे दिसायला लागले. त्यांनी स्वतः मलिदा केला होता. पाहुणं सुखरूप आलं, नवस फेडला, असं काही झालं की त्यांच्याकडे हा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. थळकरांनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच अडखळले. बायनं डोळे न उघडता ती पुढे नेली.

आम्ही सगळे कोट घालून पोहे खात बसलो. बायला सगळ्यांत चांगली जागा म्हणून रेडिएटरजवळची खुर्ची दिलेली होती. बोलता बोलता तिचा हात रेडिएटरच्या बटणावर गेला आणि तिनं ते सहज फिरवलं. मी पाहिलं. अरविंदनं पाहिलं. थळकरांनीही पाहिलं. पण एवढ्या लांबून आलेल्या, थंडीनं काकडणाऱ्या म्हातारीला 'ते बंद कर' म्हणणार कोण?

पाइपातून टिकटिक आवाज येऊ लागला. बाय कुणाच्या तरी नातवाच्या लग्नाचं सांगत होती. आम्ही हो हो म्हणत होतो आणि तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होतो. आधी चंद्राला चकाकी आली. मग लाटा ओल्या दिसायला लागल्या. आणि मग होडी, इतकी वर्षं घसरायची सवय झालेली ती होडी, दोन्ही माणसांसकट खाली निघाली.

अरविंदचा चमचा हवेतच राहिला. बायनं त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं.

"सोलू, ही होडी हलली."

बाय गुडघ्यांवर हात टेकत उठली. चित्राजवळ गेली, समुद्राला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं.

"खोबरेल."

"हो," थळकर म्हणाले.

"मेल्या, आजाच्या घाण्यावर वाढलास तू. खोबरेल जन्मात सुकत नाही, हे तुला माहीत नव्हतं?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला वेंधळा समजून हसत होतो. खोबऱ्याच्या घाण्यावर वाढलेल्या माणसाला खोबरेल कळत नाही, हे आम्हाला पटलं तरी कसं?

थळकर आपल्या बशीकडे बघत होते. "माहीत होतं," ते म्हणाले.

"मग?"

"सुकलं असतं तर यावं लागलं असतं." त्यांनी बशी बाजूला सारली. "दोन वर्षांत येतो म्हणालो होतो, बाय. दोनाची पाच झाली. परीक्षा होत्या, नोकरी होती. मग पाचाची दहा झाली. त्यानंतर कुठल्या तोंडानं यायचं? म्हटलं, काहीतरी घेऊन जाऊ. हात हलवत नको."

बाय रागावेल असं मला वाटलं. तिला तेवढा हक्क होता. पण ती नुसतीच म्हणाली, "बाटली कुठाय?"

थळकरांनी टीव्हीमागून खोबरेलाची बाटली काढून दिली. आतलं तेल गोठून पांढरं झालं होतं. बायनं ती रेडिएटरवर ठेवली, स्वतः खुर्चीत बसली आणि पायांपुढच्या गालिच्याकडे बोट दाखवलं.

"बस इथे."

आणि आमचे डॉक्टर थळकर, साठीला टेकलेले, सूट आणि टाय घातलेले, मुकाट्यानं खाली मांडी घालून बसले. तेल वितळल्यावर बायनं ते तळहातावर ओतून घेतलं आणि त्यांच्या टाळूवर थापलं. टक्कलच ते, कडेला चार पांढरे केस. तरी ती एका लयीत, बोटं खोल रोवत, चोळत राहिली.

"किती कोरडं झालंय रे डोकं तुझं," ती म्हणाली.

थळकर रडत होते. आवाज नव्हता, डोळे मिटलेले होते, आणि बायच्या हाताबरोबर त्यांचं डोकं पुढेमागे हलत होतं. अरविंद खिडकीबाहेर बघायला लागला. माझा हात मात्र नकळत माझ्याच केसांवर गेला. माझ्या डोक्याला शेवटचं तेल कुणी लावलं होतं, ते मला आठवेना. आई पुण्यात होती, दर रविवारी फोनवर बोलायची, जेवलीस का विचारायची. पण तिचा तळहात काही फोनमधून येत नव्हता. त्या क्षणी मला घरी जायचं होतं, आणि शेजारचं घर काही माझ्या मनात नव्हतं.

"मी जाईन तेव्हा माझ्याबरोबर चलायचं," बाय म्हणाली. "तुझी खाट मी अजून कुणाला दिलेली नाही."

थळकरांनी डोळे उघडले, तोंड उघडलं. आता कुठलं वाक्य येणार, ते अरविंदला आणि मला पाठ होतं.

"सुक—"

बायनं तेलकट हातानं एक टप्पल मारली.

"येतो," थळकर म्हणाले.

निघायच्या दिवशी ते चित्र घेऊन आमच्याकडे आले. एवढं ओलं चित्र विमानात कोण नेऊ देणार? म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या. पंधरा दिवसांची रजा टाकून ते जात होते, पण सुटकेस भलतीच मोठी होती.

"कुठे लावू?" मी म्हटलं.

"रेडिएटरवर."

"अहो, पण बुडेल ना पुन्हा! वर चढवायला तुम्ही नाही इथे."

मी चित्र उजेडाकडे धरलं. चंद्र जागेवर होता, लाटा होत्या, काळं शीडही होतं. होडीत मात्र सुकाणूशी आणि त्याच्या शेजारी सुरीनं खरवडून स्वच्छ केलेल्या दोन जागा होत्या.

"बुडू दे, वहिनी," थळकर म्हणाले. "माणसं उतरलीत."